स्टँडबाय पंप आहे म्हणून निर्धास्त बसलात? लॉगबुकापासून रिस्कच्या आकड्यापर्यंत, पायरीपायरीने

मे महिना लागला की गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या मेंटेनन्सवाल्यांची एकच गडबड असते, पावसाळ्याआधी कुठला पंप खोलायचा, कुठला तसाच ठेवायचा, आणि वरचे साहेब म्हणतात "आकड्यात सांग". मग कोणीतरी चालू तास भागिले बिघाड करून एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी वेळ) काढतो, एक्सेलमध्ये रंगीत शीट बनवतो, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी दोन्ही पंप एकदम बसतात. गणित चुकलेलं नसतंच. चूक झालेली असते गणिताच्या आधी, डेटा उचलताना, नाहीतर गणिताच्या नंतर, दोन पंपांचे आकडे गुणताना. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे, पायऱ्या उलटसुलट करू नका.

उदाहरण एकच घेऊन शेवटपर्यंत जाऊया. एका कारखान्याचा पाणीपुरवठा: एक सम्प (पाणी साठवायची खालची टाकी), दोन पंप (एक चालू, एक स्टँडबाय), दोघांना मिळून विजेचं एक पॅनेल, वीज गेली तर जनरेटर, आणि सम्पमध्ये फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा). आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी बनवलेत, तुमच्याकडे इतकी सरळ रेघ येणार नाही, आलीच तर उलट संशय घ्या.

१. आधी प्रश्न लिहा, आकडे नंतर

कागदावर तीन ओळी लिहा. सिस्टिम कुठे सुरू होते आणि कुठे संपते. किती काळासाठी बघतोय. आणि "बिघाड" म्हणजे नक्की काय.

आमच्या उदाहरणात: सम्पपासून प्लांटच्या हेडरपर्यंत (हेडर म्हणजे पाणी वाटणारा मुख्य पाइप). काळ १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ दिवस, २९२८ तास. बिघाड म्हणजे हेडरचं प्रेशर ठरलेल्या पातळीखाली सलग १५ मिनिटांपेक्षा जास्त राहणं.

ही तिसरी ओळ लोक सोडून देतात. मग एक जण सील (पंपाच्या दांड्याजवळून पाणी बाहेर येऊ न देणारा भाग) गळतंय त्याला बिघाड धरतो, दुसरा पंप पूर्ण बंद पडल्यावरच धरतो, दोघांचे आकडे एकत्र होतात आणि जे काही निघतं त्याला अर्थच राहत नाही. थेंब थेंब गळणारं सील बिघाड की नाही हे तुम्ही ठरवा, दोन्ही चालतं, पण एकदा ठरवलं की लॉगबुकभर तेच लावा.

तपासणी: लिहिलेली व्याख्या दोन वेगळ्या शिफ्टच्या माणसांना द्या आणि मागच्या वर्षीच्या दहा नोंदी दाखवून "हा बिघाड का?" विचारा. दोघांची उत्तरं दोन-तीन ठिकाणी वेगळी आली तर व्याख्या अजून ढिली आहे.

२. लॉगबुकातून डेटा काढणं (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

आमच्याकडची लॉगबुकं म्हणजे एक प्रकरण असतं. एका पानावर इंग्रजी, खाली "पंप आवाज करता", त्याखाली नुसतंच "अटेंडेड". काय अटेंड केलं ते देव जाणे. तर बसून एकेक नोंद वाचावी लागते, शॉर्टकट नाही, आणि शक्य असेल तर ज्या फिटरने काम केलं त्याला शेजारी बसवा, त्याला स्टोअरची स्लिप बघितली की सगळं आठवतं.

प्रत्येक सीलसाठी (किंवा बेअरिंगसाठी, जे काय बघताय त्यासाठी) चार गोष्टी हव्यात: कधी बसवलं, कधी काढलं, मध्ये किती तास चाललं, आणि का काढलं.

तास म्हणजे चालू तास. तारखा वजा करू नका. जानेवारीत बसवलेला आणि जूनमध्ये गेलेला स्टँडबाय पंप पाच महिने चाललेला नसतो, कदाचित दोनशे तास चालला असेल. अवरमीटर (चालू तास मोजणारा मीटर) असेल तर उत्तम, नसेल तर चेंजओव्हरच्या, म्हणजे एक पंप बंद करून दुसरा लावल्याच्या, नोंदींवरून काढा. याला एक अपवाद आहे, आणि गोव्यात तो मोठा आहे. खारी हवा आणि दमट हवा पंप बंद असतानाही काम करत असते, मोटरच्या वाइंडिंगला ओल धरते, टर्मिनल हिरवे होतात. तेव्हा गंज आणि इन्सुलेशनचे बिघाड कॅलेंडरच्या दिवसांत मोजा आणि सील-बेअरिंगची झीज चालू तासांत. दोन वेगळी शीट.

आता ती चूक जी दहातले आठ जण करतात. जे सील अजून चालू आहे, किंवा न बिघडता शटडाउनमध्ये बदललं, ते यादीतून काढून टाकतात, "फेलच झालं नाही तर त्याचा डेटा कसला?" अहो तोच तर डेटा. ६५०० तास चालून अजून धडधाकट असलेलं सील तुम्हाला काहीतरी सांगतंय. अशा नोंदीसमोर "चालू" असं लिहून तिचे तास ठेवा, फेकू नका.

तसंच बिघाडाचे प्रकार वेगळे करा. सीलचं गणित करताय आणि पंप बेअरिंगमुळे उघडला, त्यात सील बदलून टाकलं, तर सीलसाठी ती नोंद "चालू"च आहे, बिघाड नाही.

आमची दहा सीलं, तास चढत्या क्रमाने:

१८५० बिघाड
२२०० चालू
२९०० बिघाड
३६०० बिघाड
३९०० चालू
४३०० बिघाड
५१०० बिघाड
५४०० चालू
६२०० बिघाड
६५०० चालू

सहा बिघाड, चार चालू. आता गंमत बघा. फक्त बिघडलेल्यांची सरासरी काढली तर ३९९२ तास. सगळ्यांचे तास (४१,९५०) भागिले सहा बिघाड केलं तर ६९९२ तास. दोन्हीला लोक एमटीबीएफच म्हणतात आणि दोन्ही मीटिंगमध्ये सांगितले जातात. पहिला आकडा सरळ चूक. दुसरा चालतो, पण फक्त बिघाडाचा दर वयाप्रमाणे बदलत नसेल तरच, आणि सील झिजतं, त्यामुळे इथे तोही चालत नाही.

सावधान: एमटीबीएफ ६९९२ म्हणजे "६९९२ तासांपर्यंत काळजी नाही" असं अजिबात नाही. दर स्थिर धरला तरी तेवढ्या तासांना टिकून राहण्याची शक्यता फक्त ३७ टक्के असते.

३. बदलायची वस्तू की दुरुस्त करायची?

सील बदललं की नवं येतं, घड्याळ शून्यावर. पंप मात्र दुरुस्त होतो, तोच पंप, जरा जास्त जुना. या दोघांना एकच पद्धत लावू नका. पुढच्या पायरीतलं वायबुल (वस्तू किती तासांनी बिघडतात याचं एक गणिती सूत्र) हे सीलसारख्या वस्तूंसाठी आहे. अख्ख्या पंपाच्या बिघाडांना ते लावायचं असेल तर आधी बघा की पंप दिवसेंदिवस बिघडत तर चालला नाही ना.

त्यासाठी लाप्लास टेस्ट, हाताने होते. समजा एक पंप ८७६० तास बघितला आणि २१००, ४३००, ५९००, ७२००, ८३०० या तासांना बिघडला. या पाच आकड्यांची सरासरी ५५६०. एकूण काळाचा अर्धा ४३८०. फरक ११८०. आता ८७६० ला भागा (१२ × ५, म्हणजे ६० चं वर्गमूळ, ७.७५) ने, आले ११३१. फरकाला याने भागलं की १.०४.

हा आकडा १.६५ च्या वर गेला तर पंप बिघडत चाललाय असं म्हणायला आधार आहे (पंप बिघडत चाललेला नसतानाही आकडा एवढा वर जाण्याची शक्यता ५ टक्केच). इथे १.०४ आहे, म्हणजे आधार पुरेसा नाही. पण बिघाडांमधली अंतरं बघा: २१००, २२००, १६००, १३००, ११००. डोळ्याला तर आकसताना दिसतायत. पाच बिघाडांत टेस्टला एवढंच कळतं, म्हणून मी अशा वेळी "ट्रेंड नाही" असं लिहीत नाही, "ट्रेंड सिद्ध झाला नाही, सहा महिन्यांनी परत बघणे" असं लिहितो. दोन वाक्यांत फरक आहे.

४. वायबुल लावणं

सूत्र एकच: विश्वसनीयता = एक्स्प( −(तास ÷ ईटा)^बीटा ). विश्वसनीयता म्हणजे तेवढे तास टिकण्याची शक्यता, एक्स्प म्हणजे एक्सेलमधलं EXP फंक्शन. ईटा म्हणजे ज्या तासाला ६३.२ टक्के वस्तू गेलेल्या असतात तो. बीटा म्हणजे वागणूक. बीटा १ पेक्षा कमी असेल तर नव्या वस्तू लवकर मरतायत (बसवताना चूक, खराब लॉट), १ च्या आसपास असेल तर कधीही जाऊ शकते, वयाचा संबंध नाही, आणि १ पेक्षा बराच जास्त असेल तर झीज.

अ) नोंदी चढत्या क्रमाने लावा, वर लावल्यात तशा.

ब) बिघाडांना क्रमांक द्या, पण "चालू" वाल्यांमुळे क्रमांक सरकतात. नियम असा: पुढची उडी = (एकूण नोंदी + १ − मागचा क्रमांक) ÷ (१ + या बिघाडासकट उरलेल्या नोंदी). पहिला बिघाड १. मग २२०० ला चालू आलं, म्हणून २९०० साठी उडी (११ − १) ÷ (१ + ८) = १.११, क्रमांक २.११. ३६०० ला तीच उडी, ३.२२. मध्ये परत चालू आलं, म्हणून ४३०० साठी (११ − ३.२२) ÷ (१ + ५) = १.३०, क्रमांक ४.५२. ५१०० ला ५.८१. शेवटी ६२०० साठी (११ − ५.८१) ÷ ३ = १.७३, क्रमांक ७.५४.

क) प्रत्येक क्रमांकातून ०.३ वजा करा आणि (१० + ०.४) ने भागा. येतात: ६.७, १७.४, २८.१, ४०.६, ५३.०, ६९.६ टक्के. म्हणजे ६२०० तासांपर्यंत साधारण ७० टक्के सीलं गेलेली असतील असा अंदाज. इथे भागताना १० च घ्यायचे, ६ नाही. ही चूक मी स्वतः पहिल्यांदा केली होती आणि तो कागद आठवडाभर फिरत होता.

ड) आडव्या अक्षावर तासांचा नैसर्गिक लॉग, उभ्यावर लॉग(−लॉग(१ − टक्का)), टक्का अपूर्णांकात, ६.७ टक्के म्हणजे ०.०६७. एक्सेलमध्ये एलएन फंक्शन. लॉग टेन वापरलात तर ईटा गडबडतो, बघून घ्या.

ई) रेघ मारा. उतार म्हणजे बीटा. आमच्याकडे बीटा २.३७, ईटा सुमारे ५७४०.

आणि "चालू" नोंदी फेकल्या असत्या तर? बीटा २.४५ आला असता, फारसा फरक नाही, पण ईटा घसरून ४५५५. म्हणजे सील आहे त्यापेक्षा वीस टक्के वाईट दिसलं असतं आणि तुम्ही चांगली सीलं काढून फेकत बसला असता, ते पण स्टोअरच्या पैशाने.

तपासणी: रेघेवरचे ठिपके मध्येच मोडून वेगळ्या उताराने गेले, कोपरासारखे, तर दोन प्रकारचे बिघाड मिसळलेत. पायरी २ ला परत जा. जबरदस्तीने एक रेघ मारून पुढे जाऊ नका, आणि एक्सेल आर-स्क्वेअर (ठिपके रेघेला किती जवळ आहेत त्याचा आकडा) ०.९५ दाखवतंय म्हणून खूश होऊ नका, चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांना तो नेहमी चांगलाच येतो.

आता याचा उपयोग. १ जूनला नवं सील बसवलं आणि पंप सतत चालला, तर २९२८ तास टिकण्याची शक्यता ८२ टक्के. जुनंच ठेवलं, ३००० तास चाललेलं, तर? इथे नुसतं २९२८ टाकायचं नाही. ५९२८ तासांची विश्वसनीयता (०.३४) भागिले ३००० तासांची (०.८१). येतात ४२ टक्के.

८२ आणि ४२. मे महिन्यात सील बदलायचं की नाही याचं उत्तर इथेच मिळालं. आणि हाच प्रश्न एमटीबीएफ ६९९२ ला विचारला असता तर त्याने नव्याला आणि जुन्याला दोघांनाही ६६ टक्केच सांगितलं असतं, कारण त्या गणितात वस्तूला वयच नसतं. झिजणाऱ्या वस्तूवर एमटीबीएफ वापरू नका म्हणून मी ओरडत असतो ते यासाठी.

उलट बाजूही लक्षात ठेवा. बीटा १ च्या खाली किंवा आसपास आला तर ठरावीक तासांनी बदलण्यात काहीच फायदा नाही, कमी असेल तर नुकसानच, चांगली स्थिरावलेली वस्तू काढून तुम्ही परत धोकादायक सुरुवातीच्या काळात जाताय. तिथे बसवण्याची पद्धत सुधारा, अलाइनमेंट बघा.

५. आकड्यावर किती भरवसा?

सहा बिघाडांवरून काढलेला बीटा २.३७ म्हणजे २.३७ नव्हे. ढोबळ हिशोबाने ९० टक्के खात्रीचा पट्टा साधारण १.४ ते ४ इतका रुंद आहे. चांगली गोष्ट ही की खालचं टोक पण १ च्या वर आहे, म्हणजे "झीज आहे" एवढं नक्की म्हणता येतं. रिपोर्टमध्ये २.३६५९ असं चार दशांशांत लिहिणाऱ्याला चहा पाजून समजवा.

आणि शून्य बिघाड असतील तर? "जनरेटर ४० वेळा टेस्ट केला, ४० ही वेळा चालू झाला, म्हणून बिघाडाची शक्यता शून्य" हे ऐकून ऐकून कान किटलेत. शून्य कधीच लिहायचं नाही. ३ भागिले टेस्टची संख्या करा, ३ ÷ ४० = ७.५ टक्के. म्हणजे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की शक्यता ७.५ टक्क्यांच्या आत आहे. चाळीस टेस्ट म्हणजे दर सोमवारी एक धरली तर नऊ महिने, आणि हातात काय येतं तर एवढंच.

सावधान: टेस्ट कशी केली ते बघा. दुपारी, कोरड्या दिवशी, लोड न देता पाच मिनिटं चालवलेला जनरेटर आणि जुलैच्या मध्यरात्री वीज गेल्यावर पूर्ण लोड घेणारा जनरेटर, ही एकच टेस्ट नव्हे.

६. ब्लॉक डायग्रॅम, आणि दोन पंपांचा भ्रम

आता सिस्टिम. ब्लॉक डायग्रॅम म्हणजे प्रत्येक वस्तूचा एक डबा काढून ते डबे एकमेकांना जोडणं. प्रत्येक पंप गरजेच्या वेळी हाताशी नसण्याची शक्यता काढूया: दुरुस्तीचा वेळ ÷ (चालू वेळ + दुरुस्तीचा वेळ). पंप सरासरी २३५० तास चालतो आणि ४८ तास बंद राहतो, तर ४८ ÷ २३९८ = ०.०२.

इथे दुरुस्तीचा वेळ म्हणजे फिटरच्या हातात पाना असलेले तास नव्हेत. ते पाच तास असतील. पण स्पेअर बेळगावहून येणार, चोर्ला घाटात दरड पडली तर गाडी तिकडेच अडकणार, आणि चवथीच्या आठवड्यात अर्धी माणसं गावी, दुकानं बंद. पंप बंद पडल्यापासून परत पाणी द्यायला लागेपर्यंतचा पूर्ण वेळ धरा. पाच तास धरलेत तर ०.०२ च्या जागी ०.००२ येतं, दहापट कमी, आणि पुढचं सगळं गणित त्याच खोटेपणावर उभं राहतं.

दोन पंप, दोघेही नसण्याची शक्यता ०.०२ × ०.०२ = ०.०००४. छान वाटतं ना? पण दोघांना वीज एकाच पॅनेलमधून. पॅनेल जाण्याची शक्यता ०.००२ धरूया. काही जण प्रत्येक पंपाच्या डब्यात पॅनेल मिसळतात, ०.०२२ × ०.०२२ = ०.०००४८. चूक. पॅनेल एकच आहे, ते दोनदा वेगवेगळं जात नाही. बरोबर असं: ०.००२ + ०.०००४ = ०.००२४, म्हणजे त्या ०.०००४८ च्या पाचपट. डायग्रॅममध्ये एकच वस्तू दोन ठिकाणी काढलेली दिसली की लगेच थांबा.

पॅनेल निदान दिसतं तरी. न दिसणारी समान कारणं जास्त त्रास देतात. दोन्ही सीलं एकाच लॉटची. दोन्ही पंप एकाच फिटरने एकाच चुकीच्या पद्धतीने अलाइन केलेले. दोन्ही मोटरी एकाच खड्ड्यासारख्या पंपहाउसात, पाणी भरलं की दोघीही बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला ओपा पाणीपुरवठा प्रकल्पाच्या जलवाहिन्या फुटल्या तेव्हा तिसवाडी-फोंड्यात लोक दिवसेंदिवस टँकरची वाट बघत होते, शेजारी शेजारी घातलेल्या पाइपांना वेगवेगळ्या पाइपा म्हणता येत नाही.

हे गणितात आणायची सोपी रीत: प्रत्येक पंपाच्या बिघाडांपैकी ठरावीक हिस्सा "दोघांना एकदम" असा धरा. याला पण बीटाच म्हणतात, वायबुलच्या बीटाशी काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांना काय झालं होतं माहीत नाही. हिस्सा १० टक्के धरला तर ०.०२ च्या १० टक्के, ०.००२, थेट दोघांना एकदम घेऊन जातात. उरलेल्या ०.०१८ चा वर्ग ०.०००३. पॅनेलचे ०.००२ मिळवले की एकूण ०.००४३. सुरुवातीच्या ०.०००४ च्या दहापटीहून जास्त.

१० टक्केच का? पंप एकसारखे, एकाच खोलीत, एकाच टीमकडे असतील तर १० धरा. वेगळ्या मेकचे, वेगळ्या जागी असतील तर कमी. पण शून्य धरू नका, आणि तिसरा तसाच पंप मागवायच्या आधी हा आकडा एकदा बघा, कारण तिसऱ्या पंपाने ०.०००३ कमी होतात, ०.००२ जवळपास तसेच राहतात.

७. फॉल्ट ट्री

फॉल्ट ट्री म्हणजे बिघाडाच्या कारणांचं झाड. सगळ्यात वर लिहा "प्लांटला पाणी नाही" (पायरी १ ची व्याख्या, नवीन बनवू नका). खाली तीन फांद्या, "किंवा" ने जोडलेल्या:

पंपांची फांदी, वर काढली ती: ०.००४३.
वीज: मोठा कट येण्याची शक्यता पावसाळ्यात दिवसाला ०.३ धरू, "आणि" जनरेटर चालू न होण्याची ०.०३ (शंभर टेस्टमध्ये तीनदा). ०.३ × ०.०३ = ०.००९.
फ्लोट स्विच अडकला: ०.००४.

"किंवा" साठी नुसती बेरीज न करता १ − (०.९९५७ × ०.९९१ × ०.९९६) = ०.०१७२. बेरीज ०.०१७३ येते, लहान आकड्यांत फरक पडत नाही, पण शक्यता ०.१ च्या वर असतील तर बेरीज फसवते.

एक प्रश्न स्वतःला विचाराच: वीज जाणं आणि जनरेटर न चालणं खरंच स्वतंत्र आहे का? जी वीज आकाशातून कोसळून लाइन गेली तिनेच जनरेटरचा कंट्रोलर जाळला तर? तसं दोनदा झालं असेल तर ०.०३ विसरा आणि फक्त वादळी दिवसांच्या नोंदीतून वेगळा आकडा काढा.

कुठे पैसे घालायचे ते आता दिसतं. ०.०१७ मधले ०.००९ जनरेटरच्या फांदीवर, अर्ध्याहून जास्त. मीटिंगमध्ये मात्र चर्चा नवीन पंपाची चालू असते. जनरेटरची बॅटरी आणि दर आठवड्याची लोड टेस्ट याला पंपाच्या किमतीचा लहानसा भाग लागतो.

८. रिस्क: शक्यतेला परिणाम जोडणं

०.०१७२ × १२२ दिवस = सुमारे २.१. हे २.१ दिवस आहेत, २.१ घटना नव्हेत. एक घटना दोन दिवस चालली तर ती एकटीच दोन दिवस खाते. हा घोळ रिपोर्टमध्ये फार दिसतो.

आता एका वाईट दिवसाचा खर्च: वाया गेलेला माल, टँकर, ओव्हरटाइम. रुपयांत लिहा. आणि माणसाच्या जिवाला धोका असलेले परिणाम (समजा त्याच लाइनवर आगीचे हायड्रंट असतील) रुपयांत मिसळू नका, वेगळ्या ओळीत ठेवा आणि त्यांची मर्यादा आधी ठरवा.

एक ते दहाचे तीन गुण देऊन गुणाकार करायची जी पद्धत ऑडिटला आवडते (तीव्रता, वारंवारता, ओळखण्याची अडचण), तिच्याशी जपून. १० × ३ × ४ पण १२० आणि ३ × ८ × ५ पण १२०. पहिल्यात माणूस मरू शकतो, दुसऱ्यात फ्लोअर ओला होतो. यादी बनवायला चालेल, पण क्रम लावताना तीव्रता ९-१० वाल्या ओळी आधी बाजूला काढा.

शेवटची तपासणी, आणि ही चुकवली तर वरचं सगळं फुकट. तुमचा आकडा म्हणतो पावसाळ्यात दोन वाईट दिवस. शिफ्टवाल्या जुन्या माणसाला विचारा, "मागच्या तीन पावसाळ्यांत पाणी किती दिवस गेलं?" तो म्हणाला पाच-सात दिवस, तर तुम्ही जवळ आहात. तो म्हणाला "पात्रांव (साहेब), दर आठवड्याला जातं", तर ट्रीमध्ये काहीतरी राहिलंय, बहुतेक एखादा व्हॉल्व्ह नाहीतर फूट व्हॉल्व्हला अडकणारा कचरा, जो लॉगबुकात कधी लिहिलाच जात नाही कारण ऑपरेटर पाच मिनिटांत काढून टाकतो. आणि तो म्हणाला "तीन वर्षांत एकदाही नाही", तर तुमची कुठली तरी शक्यता फुगलेली आहे, आधी त्या ०.३ वर संशय घ्या.

शीटवर तारीख टाका, गृहीत धरलेला प्रत्येक आकडा (१० टक्के, ०.३, ४८ तास) वेगळ्या रंगात ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की अवरमीटरचे नवे आकडे घेऊन पायरी २ पासून परत सुरू करा. तोवर चालू असलेल्या त्या चार सीलांपैकी दोन-तीन तरी गेलेली असतील.